इतिहास निवेदनात नव्हे, नळ्यांत

हौशी वाद्यवृंदाची मैफल, सभागृहातला जुना ऑर्गन आणि मधेमधे गावाच्या इतिहासाच्या गोष्टी, असा कार्यक्रम कुठेही जाहीर झाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, ही मैफल कसली, हे स्नेहसंमेलन. ज्यांना सुरात वाजवता येत नाही त्यांनी इतिहासाच्या आडोशाला उभं राहून टाळ्या मिळवायची सोय. दुसरा तट म्हणतो, संगीत कसं झालं हे विचारूच नका, चार लोक एकत्र आले ना, मग झालं. पहिल्यांना माणसं नकोशी झाली आहेत आणि दुसऱ्यांनी कान गहाण टाकले आहेत. गंमत म्हणजे दोघांचं गृहीतक एकच आहे: ऑर्गन, वाद्यवृंद आणि स्थानिक इतिहास या तीन सुट्या गोष्टी असून त्यांची एका संध्याकाळपुरती मोट बांधली आहे. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. ऑर्गनच्या बाबतीत स्थानिक इतिहास वरून चढवलेला नसतो, तो वाद्यातच असतो. आणि तो ऐकवायला त्याच गावातल्या हौशी वादकांइतकं योग्य कोणी नाही. अट एकच, त्यांनी कमी बोलावं आणि जास्त वाजवावं.

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीताची साथ आठवते. तो पायानं भाता मारायचा, रीडचा ऑर्गन. नाटक मंडळीबरोबर तो गावोगाव जाऊ शकत होता. इथे विषय आहे तो नळ्यांच्या ऑर्गनचा, आणि त्याचं पहिलं वैशिष्ट्य हेच की तो कुठे जात नाही. व्हायोलिनवादक आपलं वाद्य काखोटीला मारून जगभर फिरतो. पियानोवादक फिरला तरी त्याला गावोगावी साधारण सारख्याच ८८ पट्ट्या मिळतात. ऑर्गनवादकाला मात्र प्रत्येक ठिकाणी नवं वाद्य भेटतं. पट्ट्यांच्या रांगा किती, पायांनी वाजवायच्या पट्ट्या कशा, कोणत्या जातीच्या नळ्या आहेत आणि कोणत्या नाहीत, हे सगळं त्या इमारतीत पाऊल टाकल्यावरच कळतं. मोठ्या ऑर्गनमध्ये काही हजार नळ्या असतात. सगळ्यात लहान पेन्सिलीपेक्षा आखूड, सगळ्यात मोठी ३२ फूट, म्हणजे तीन मजल्यांएवढी. सिडनीच्या टाउन हॉलमध्ये लंडनच्या विल्यम हिल यांच्या पेढीनं बांधलेला ऑर्गन १८९० साली सुरू झाला, त्यात तर ६४ फुटी नळ्यांची एक रांग आहे. तिच्या सगळ्यात खालच्या स्वराची मूळ कंपनं सेकंदाला ८ च्या आसपास. माणसाचा कान साधारण २० च्या खाली स्वर म्हणून काही ऐकत नाही, तेव्हा तो स्वर श्रोत्याला कानांपेक्षा खुर्चीतून आणि छातीतून कळतो. अशी नळी ध्वनिमुद्रणात ऐकली म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

नळ्या कारखान्यात घडतात, पण त्यांचा आवाज लावला जातो तो सभागृहात. कारागीर एकेक नळी घेऊन तिचं तोंड, तिच्या पायाचं छिद्र थोडंथोडं बदलत जातो आणि दर वेळी कान देऊन ऐकतो. छत किती उंच आहे, भिंती दगडी की लाकडी, नाद किती वेळ घुमतो, यावर प्रत्येक नळीचं वागणं ठरवलं जातं. म्हणजे ऑर्गनचा अर्धा भाग ती खोलीच असते. वाद्य उचलून दुसरीकडे बसवलं तर नळ्या त्याच राहतील, आवाज तो राहणार नाही. एखादं वाद्य एका जागेशी याहून घट्ट कसं बांधलेलं असू शकतं?

या बांधिलकीचा त्रास वाद्यवृंदाला होतो आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. एरवी वाद्यवृंदात ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य स्वर देतं आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. ऑर्गन असला की हा मान त्याच्याकडे जातो, कारण काही हजार नळ्या एका संध्याकाळसाठी नव्यानं सुरात लावणं शक्य नसतं. शिवाय हा यजमान लहरी आहे. हवा एक अंश सेल्सियसनं तापली की साध्या नळ्यांचा स्वर अर्धस्वराच्या साधारण तीन शतांशांनी चढतो. ज्यांत धातूची पट्टी कंप पावते त्या रीडच्या नळ्या मात्र तेवढ्या हलत नाहीत, त्यामुळे उकाड्यात ऑर्गन स्वतःशीच भांडू लागतो. रिकाम्या सभागृहात दुपारी जुळलेला सूर रात्री माणसं भरल्यावर तसाच राहील याची खात्री नाही. त्यात नळ्या वादकांपासून दूर असल्या तर आवाज उशिरा पोचतो. ध्वनीला तीस मीटर जायला जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यानं पंचाईत होते. म्हणून ऑर्गनवादकाला आपल्याला जे ऐकू येतंय त्याच्या थोडं पुढे वाजवावं लागतं. हे कोणी पुस्तकातून शिकत नाही, त्या खोलीत बसून शिकतं. बाहेरून आलेल्या उत्तम व्यावसायिक वाद्यवृंदाला बहुतेक वेळा तिथे एखादी तालीम मिळते आणि मग मैफल. गावातला हौशी वाद्यवृंद त्याच खोलीत हिवाळ्यातही वाजवतो आणि उन्हाळ्यातही. कौशल्य त्याच्याकडे कमी असेल, पण वेळ आहे, आणि या वाद्याला वेळ लागतो.

आता इतिहासाकडे. ऑर्गन किती वर्षांचा, कोणी दिला, उद्घाटनाला कोण आलं होतं, ही माहिती कोणत्याही पाटीवर असते. मला म्हणायचंय ते याहून खोलवरचं आहे. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये मैफलींचा मूळ स्वर आजच्यापेक्षा बराच चढा होता. आज मध्य सप्तकातला ‘ए’ ४४० कंपनांचा धरतात, तेव्हा तो ४५२ च्या आसपास होता. त्या काळात बांधलेले ऑर्गन त्या चढ्या स्वराला लावलेले होते. पुढे फॅशन उतरली, आणि बाकीच्या वाद्यांशी जमेना म्हणून कितीतरी ठिकाणी नळ्यांवर हत्यार चालवावं लागलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जर्मनीनं ऑर्गनच्या दर्शनी भागातल्या कथलाच्या नळ्या युद्धसामग्रीसाठी काढून नेल्या. पुढे अनेक ठिकाणी त्यांच्या जागी जस्ताच्या बसवल्या गेल्या, आणि जस्ताचा आवाज वेगळा. तिथे कोणी निवेदकानं उठून महायुद्धाची तारीख सांगायची गरज नाही. दर्शनी नळ्यांची रांग वाजवा, युद्ध ऐकू येतं.

याहून जुनी गोष्ट इंग्लंडच्या यादवी युद्धातली. मे १६४४ मध्ये संसदेनं चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. साध्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या कर्मठ प्युरिटन मंडळींना वाटे, हे वाद्य भक्तीत व्यत्यय आणतं. ठिकठिकाणी नळ्या उपटल्या गेल्या. आणि ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजमधला ऑर्गन? तो संसदेच्या बाजूनं लढून पुढे राज्यकर्ता झालेल्या क्रॉमवेलनं हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात हलवून घेतला. सामान्यांच्या भक्तीला जे घातक, ते राज्यकर्त्याच्या दिवाणखान्यात चालतं, हा प्रकार काही त्या देशाची किंवा त्या शतकाची मक्तेदारी नव्हे. तो ऑर्गन पुढे ट्यूक्सबरीच्या ॲबीत गेला. नळ्यांचा ऑर्गन हलत नाही असं मी वर म्हणालो; हलवला तर त्यामागे सहसा एखादी सत्ता असते.

मग हौशी वादकांवरच्या आक्षेपाला उत्तर काय? आधी त्यातलं खरं मान्य करतो. हौशी वाद्यवृंद पुष्कळदा बेसूर वाजवतात. बासरीवाले सात आणि व्हायोला वाजवणारे दोन, अशी त्यांची घडण असते. ऑर्गनबरोबर वाजवताना हा दोष झाकला जात नाही, उलट उघडा पडतो. ऑर्गनचा स्वर लागला की हलत नाही. शेजारचा व्हायोलिनवादक जरा खाली लागला तर बहिऱ्यालाही कळावं. आणि असे वाद्यवृंद ऑर्गन मिळाला की हमखास सँ-साँसची तिसरी सिंफनी निवडतात. १८८६ साली लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तेव्हापासून तिच्या शेवटच्या भागातला ऑर्गनचा प्रचंड सुरसमूह श्रोत्यांना खुर्चीतून उडवतो आहे. पण त्या क्षणापर्यंत पोचायला पहिल्या भागातल्या तंतुवाद्यांच्या बारीक, धावत्या, तालाला सतत चकवणाऱ्या सुरावटी पार कराव्या लागतात. तिथे निम्मे हौशी वाद्यवृंद घसरतात. आणि त्या रचनेतलं ऑर्गनचं सगळ्यात सुंदर काम तर त्याच्या पहिल्या, हळुवार प्रवेशात आहे, जिथे तो तंतुवाद्यांच्या खाली नुसता जमिनीसारखा पसरतो. त्यासाठी मंद वाजवता यावं लागतं. जोरात वाजवणं सोपं, हे कोणत्याही संगीतातल्या शिकाऊ मंडळींना ठाऊक आहे.

एवढं मान्य करूनही निष्कर्ष चुकीचाच. त्यातून निघतं ते इतकंच की रचना नीट निवडा. हेंडेलनं आपल्या ऑरॅटोरिओंच्या, म्हणजे गाऊन सांगायच्या मोठ्या कथारचनांच्या, दोन अंकांच्या मधे वाजवायला ऑर्गन कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्गन आणि वाद्यवृंद यांच्या रचना, लिहिले, त्यातले सहा १७३८ साली छापले गेले. त्यांना लहानसा वाद्यवृंद पुरतो आणि त्यांची तंतुवाद्यं हौशी हातांना झेपतात. पूलांकचा ऑर्गन कॉन्चेर्टो नुसत्या तंतुवाद्यांसाठी आणि टिंपनी या नगाऱ्यांसाठी आहे. चांगला हॉर्नवादक नाही म्हणून रडायची वेळ येत नाही. हौशी म्हणजे निकृष्ट, हे समीकरण तर इतिहासाला मुळीच धरून नाही. लाइपझिगमध्ये १७२९ पासून बाखनं ज्या वाद्यवृंदाचं नेतृत्व केलं तो प्रामुख्यानं विद्यार्थ्यांचा होता आणि त्याच्या मैफली एका कॉफीच्या दुकानात होत. व्हिएन्नातली ‘संगीतमित्रांची’ संस्था १८१२ ची. नावापासूनच ती हौशींची. बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे भव्य धार्मिक गायन त्याच्या मृत्यूनंतर विस्मरणात गेलं होतं. ते ११ मार्च १८२९ ला बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं वीस वर्षांच्या मेंडेल्सोननं, आणि ते गायलं झिंग-अकादमीच्या हौशी गायकांनी. युरोपला बाख परत मिळाला तो पगारी कलावंतांच्या संस्थेकडून नाही. लंडनमधल्या मॉर्ली कॉलेजात दिवसभर कामधंदा करणारी माणसं संध्याकाळी शिकायला येत. पर्सेलच्या ‘फेअरी क्वीन’ या जुन्या संगीतनाट्याची हरवलेली संहिता सापडल्यानंतर, १९११ मध्ये, तिथे शिकवणाऱ्या रचनाकार होल्स्टच्या हाताखाली याच विद्यार्थ्यांनी वादकांचे भाग हातानं नकलून काढले आणि ती रचना मैफलीत सादर केली.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. जिथे जुनं काही पुन्हा ऐकवायचं असतं, जिथे तिकिटांची खात्री नसते, तिथे हौशी माणूस आधी पोचतो. व्यावसायिक वाद्यवृंदाला महिनाअखेर पगार द्यायचा असतो, त्यामुळे तो शंभरदा ऐकलेली सिंफनी निवडतो. त्याचं काही चुकत नाही. पण गावातल्या एका विसरलेल्या ऑर्गनवादकानं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली आणि कपाटात पडलेली रचना कोण वाजवणार? ती कदाचित फार थोर नसेलही. एकदा तरी ऐकल्याशिवाय ते ठरवायचं कसं?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, कारण त्याच्याशी मी अर्ध्याहून अधिक सहमत आहे. स्थानिक इतिहास म्हणून अशा मैफलींत जे चालतं ते पुष्कळदा असह्य असतं. दोन रचनांच्या मध्ये कोणीतरी कागद घेऊन उभं राहतं. गावाची स्थापना, पहिला कारखाना, दानशूर गृहस्थ, त्यांचे चिरंजीव, आग, पुनर्बांधणी, मान्यवरांचे आभार. मागे वादक हातात वाद्यं धरून बसलेले असतात, ती थंड पडतात, सूर उतरतो. या सगळ्यात संगीत नुसतं मधली जागा भरायला उरतं. शिवाय हा इतिहास नेहमी गोडच. त्यात सगळे दाते उदार असतात आणि सगळे कामगार समाधानी.

पण वाईट पद्धतीनं सांगितला म्हणून इतिहासच टाकून द्यायचा? मोठे ऑर्गन महाग असतात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या ऑर्गनमागे एखादा पैसेवाला असतो, आणि त्या पैशाची कूळकथा हीच गावाची खरी गोष्ट असते. सॅन डिएगोच्या बॅल्बोआ पार्कमधला उघड्यावरचा ऑर्गन १९१४ च्या शेवटच्या दिवशी शहराला मिळाला, तो स्प्रेकल्स बंधूंकडून. त्यांच्या वडिलांनी साखरेत पैसा केला होता, आणि ती साखर मोठ्या प्रमाणावर हवाईच्या मळ्यांतली. त्या ऑर्गनवर दर रविवारी फुकट मैफली होत आल्या आहेत, हेही तितकंच खरं. पूलांकचा कॉन्चेर्टो ज्या प्रिन्सेस द पोलिन्याकनं लिहवून घेतला ती शिवणयंत्रांच्या सिंगर घराण्यातली मुलगी. घरोघरच्या शिवणकामाचा पैसा फिरून पॅरिसच्या दिवाणखान्यात नळ्यांतून वाजला. ब्रिस्टलच्या मोठ्या सभागृहाला गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या कोल्स्टनचं नाव होतं. दीडशेहून अधिक वर्षांनी, २०२० मध्ये, ते बदललं. नाव बदलावं की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. सभागृह हे गावाच्या इतिहासाचं नुसतं ठिकाण नसतं, पुरावाही असतं. आभारप्रदर्शनाच्या भाषणात हे येत नाही म्हणून त्या भाषणाला माझा विरोध. इतिहासाला नाही.

मग तो आणायचा कसा? वाजवून. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये हेन्री विलिसनं बांधलेला ऑर्गन १८५५ साली सुरू झाला आणि १८९४ पर्यंत तिथे डब्ल्यू. टी. बेस्ट हा वादक होता. त्याची ख्याती ऑर्गनसाठीच लिहिलेल्या रचनांइतकीच, किंबहुना जास्त, वाद्यवृंदाच्या रचना ऑर्गनवर उतरवण्याबद्दल होती. ध्वनिमुद्रण नव्हतं आणि मोठा वाद्यवृंद ऐकणं सगळ्यांना परवडत नव्हतं. त्या काळातल्या कितीतरी श्रोत्यांच्या कानावर ऑपेरांचे आणि सिंफनींचे सूर पहिल्यांदा पडले ते अशा नगरसभागृहांतल्या नळ्यांतून. आता कल्पना करा, अशा एखाद्या सभागृहात एकच रचना आधी ऑर्गनवर, त्या काळच्या रूपांतरात, आणि लगेच हौशी वाद्यवृंदाकडून मूळ रूपात वाजली. त्या गावातला श्रोता दीडशे वर्षांपूर्वी काय ऐकत होता आणि काय त्याच्या कानावर कधीच पडलं नाही, हे वीस मिनिटांत कळेल. एक अक्षरही बोलावं लागणार नाही. बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये १८४६ साली मेंडेल्सोनची ‘एलाया’ ही ऑरॅटोरिओ पहिल्यांदा गायली गेली, त्याच खोलीत, तिथल्या १८३४ च्या ऑर्गनच्या साथीनं. असा वारसा असलेल्या जागेत बाहेरून आणलेलं काहीही वाजवता येतं, पण मग जागेचा उपयोग काय झाला?

बेंजामिन ब्रिटननं १९५८ मध्ये इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या ऑर्फर्डच्या चर्चसाठी ‘नोआज फ्लड’ लिहिलं. मध्ययुगात चेस्टरच्या कारागीर संघांनी सादर केलेल्या नाटकाची संहिता त्यानं घेतली. काही व्यावसायिक वादक घेतले आणि त्यांच्याभोवती शाळकरी पोरांची फौज उभी केली. जी मुलं नुकतीच व्हायोलिन धरायला शिकली होती त्यांच्यासाठी नुसत्या मोकळ्या तारांवरचे स्वर लिहिले. पावसाचे थेंब पाडायला दोरीला टांगलेले चहाचे कप. आणि श्रोत्यांनीही गायची स्तोत्रं, ऑर्गनच्या आधारावर. वादळ शिगेला पोचतं तेव्हा सगळं चर्च गात असतं. हौशी वादकांची मर्यादा त्यानं लपवली नाही, रचनेचा पायाच तिच्यावर घातला. आजच्या आयोजकांना माझं सांगणं, निवेदकाला मानधन देण्यापेक्षा ते एखाद्या तरुण रचनाकाराला द्या आणि त्याला तुमच्या वाद्यवृंदाची खरी पटसंख्या सांगा, सात बासऱ्यांसकट.

तिसरा आक्षेप पैशांचा. ऑर्गनची मोठी दुरुस्ती म्हणजे भात्यांचं चामडं बदलणं, वाऱ्याच्या वाटा उघडणं, हजारो नळ्या उतरवून साफ करून परत बसवणं. वर्षाचं काम आणि तसाच खर्च. तेवढ्यात दवाखान्याला खाटा येतील, असं कोणी म्हणालं तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. इतिहासात मात्र ही दोन्ही खाती एकमेकांची वैरी नव्हती. बर्मिंगहॅमचा संगीत महोत्सव मुळात तिथल्या रुग्णालयासाठी पैसे उभे करायला सुरू झाला आणि टाउन हॉल बांधण्यामागे त्या महोत्सवाची गरज हे एक कारण होतं. लंडनच्या अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला हेंडेलनं ऑर्गन दिला आणि १७५० पासून तिथे झालेल्या त्याच्याच ‘मसाया’ या ऑरॅटोरिओच्या प्रयोगांनी त्या संस्थेला भरघोस पैसा मिळवून दिला. आज रुग्णालयं मैफलींवर चालत नाहीत आणि चालूही नयेत, त्यामुळे हा दाखला मी ताणणार नाही. त्यातून एवढंच घ्यायचं की सार्वजनिक वाद्य हे श्रीमंतांचं खेळणं आहे हा समज अलीकडचा आहे, आणि तो वाद्य बंद पडू दिल्यानं खरा होत जातो.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचं उदाहरण मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. मेन राज्यातल्या या शहराचा सिटी हॉल १९०८ मध्ये जळाला. नवा बांधला तेव्हा तिथेच जन्मलेल्या प्रकाशक सायरस कर्टिसनं त्यात ऑर्गन बसवून दिला, गावात संगीत शिकवणाऱ्या हेर्मान कोट्झश्मार या जर्मन माणसाच्या स्मरणार्थ. शहरानं पगारी नगर-ऑर्गनवादक नेमला. पुढे शहराचा हात आखडला, आणि १९८१ मध्ये नागरिकांनी मित्रमंडळ काढून ऑर्गनची जबाबदारी घेतली. इथे दोन्ही बाजूंना हवं ते सापडेल. सरकारी पैशाचे विरोधक म्हणतील, बघा, लोकांनी चालवलाच की. मी म्हणेन, सात दशकं शहरानं तो वाजता ठेवला होता म्हणून तर लोकांना तो आपला वाटला. जो ऑर्गन कोणी ऐकलेलाच नाही त्याच्यासाठी वर्गणी कोण देईल?

डिजिटल ऑर्गनवाल्यांचंही थोडं ऐकून घेऊ. तो स्वस्त असतो, कधी बेसूर होत नाही, टेंपोत घालून नेता येतो. ज्या सभागृहात नळ्या नाहीत तिथे तो जरूर वापरावा. पण नळ्या असताना, त्या धूळ खात असताना, पुढे डिजिटल पेटी मांडायची आणि वर स्थानिक इतिहासाची मैफल म्हणायचं, हा विनोद झाला. त्या पेटीतून येतात ते दुसऱ्याच कुठल्या चर्चमध्ये मुद्रित केलेले स्वर. दुसऱ्याच्या खोलीचा नाद उसना घेऊन आपला इतिहास साजरा करायचा?

मैफलीच्या समर्थकांशी माझं शेवटचं भांडण आहे, आणि ते जरा जास्तच आहे, कारण माणसं आपलीच आहेत. समाज एकत्र येतो, हा युक्तिवाद त्यांनी सोडून द्यावा. एकत्र यायला फुटबॉलचा सामना पुरतो, आणि तिथे सूरही लागावा लागत नाही. जे फक्त ऑर्गननं होतं त्यावर बोला. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटचं बघा. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली एक प्रसिद्ध ऑर्गन बांधला गेला. त्या सालापासून २००० पर्यंत वर्षं होतात ६३९, म्हणून तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये जॉन केजची, शक्य तितकी सावकाश वाजवा असं सांगणारी ऑर्गनरचना ६३९ वर्षांत वाजवायचं ठरलं. २००१ मध्ये ती सुरू झाली ती विरामानं, त्यामुळे पहिला स्वर उमटला २००३ मध्ये. संपायची आहे २६४० साली. स्वर बदलायचा दिवस आला की लांबलांबून माणसं जमतात. कोणाला हा वेडेपणा वाटेल, मलाही अधूनमधून वाटतो. पण गावाच्या इतिहासातला एक आकडा तिथे कोणी व्यासपीठावरून वाचून दाखवलेला नाही, तो रचनेची लांबी झाला आहे. शिवाय फुंकर, नळी आणि दाबलेली पट्टी एवढ्यावर शतकानुशतकं एकच स्वर धरून ठेवणारं दुसरं वाद्य नाही. व्हायोलिनला हे जमणार नाही, माणसाच्या गळ्याला तर नाहीच.

जर्मनीच्या ऑर्गनबांधणी आणि ऑर्गनसंगीताला युनेस्कोनं २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे ऑर्गन आहेत ५० हजारांच्या घरात आणि ते बांधणाऱ्या पेढ्या सुमारे ४००. यादीत नाव आल्यानं एकही नळी वाजत नाही, पण यातली ‘अमूर्त’ बाजू आयोजकांनी लक्षात घ्यायला हवी. वाद्य आपोआप टिकत नाही. न वाजवलेल्या ऑर्गनचं चामडं वाळतं, झडपा अडकतात, नळ्यांत धूळ बसते. आणि त्याच्यावर हात बसलेला माणूस गेला की दुसरा तयार व्हायला वर्षं लागतात, कारण सराव घरी करता येत नाही, तो तिथेच येऊन करावा लागतो. अशा मैफलींच्या जमाखर्चात मी म्हणून तिकिटं किती खपली हे आधी पाहणार नाही. पुढच्या वर्षभरात त्या ऑर्गनवर किती तास सराव झाला, त्यातले किती तास वयानं विशीच्या आतल्या कोणाचे होते, हे विचारेन. बऱ्याच सभागृहांत ऑर्गनची किल्ली व्यवस्थापकाच्या टेबलाच्या खणात असते आणि ती मिळवायला अर्ज, विमा, शुल्क आणि तीन सह्या लागतात. वर्षातून एकदा इतिहासाचा गजर करणाऱ्या समितीनं आधी त्या सह्या कमी करून दाखवाव्यात, मग निवेदन पंधरा मिनिटांचं की पाच मिनिटांचं यावर आपण सावकाश वाद घालू.